मत्तयाचे अनवाणी पाऊल

आषाढी एकादशीच्या निमित्ताने निघणाऱ्या या पानावर पालखी, पादुका आणि वारीची वाट यांविषयी वाचण्याची आमच्या वाचकांस सवय आहे. संताच्या मुखाआधी त्याच्या पावलांकडे पाहणारी आपली रीत. पालखीतून आपण संतांच्या पादुकाच नेतो. म्हणूनच आज एका निराळ्या देशातील आणि निराळ्या धर्मातील एका संतचित्राची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. संताची पावले ज्या रीतीने दाखविली त्या रीतीमुळेच हे चित्र वेदीसाठी अयोग्य ठरले, असे जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. ते चित्र आज जगात नाही. त्याऐवजी त्याच चित्रकाराने काढलेले दुसरे चित्र मात्र रोम शहरात, ज्या वेदीसाठी ते काढले तिच्यावरच, चारशेहून अधिक वर्षे उभे आहे.

चित्र आहे संत मत्तयाचे. ख्रिस्ती धर्मग्रंथात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत आणि मत्तय, मार्क, लूक व योहान हे त्यांचे कर्ते मानले जातात. चित्रांत हे चौघे ओळखू यावेत म्हणून प्रत्येकास एक खूण दिलेली असते. मार्काजवळ सिंह, लूकाजवळ बैल, योहानाजवळ गरुड आणि मत्तयाजवळ मानवी रूपातील देवदूत. नंदी दिसला की महादेव ओळखावा, तसाच हा प्रकार. मात्र ही वाहने नव्हेत, खुणाच होत.

मत्तय मूळचा जकातदार. गालील प्रांतातील कफर्णहूम गावी नाक्यावर बसून तो कर वसूल करी. रोमन सत्तेच्या छायेत चाललेला हा व्यवसाय. परक्यांच्या आश्रयाने स्वकीयांना नाडणारा माणूस म्हणून जकातदाराकडे पाहिले जाई आणि सज्जन लोक त्याच्या पंक्तीस बसत नसत. अशा माणसाला येशूने नाक्यावरून जाताना हाक मारली आणि तो हिशेब तसाच टाकून उठला. पुढे त्याच्याच नावावर शुभवर्तमानांतील पहिले शुभवर्तमान आले. कॅथलिक पंथात त्याचा सण २१ सप्टेंबरला असतो.

एका कार्डिनलची इच्छा

रोममध्ये फ्रेंच लोकांचे सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचे चर्च आहे. त्यातील एक चॅपेल, म्हणजे मोठ्या मंदिराच्या ओवरीत एखादे छोटे देऊळ असावे तशी जागा, मात्यू क्वांत्रेल या फ्रेंच धर्माधिकाऱ्याने १५६५ साली घेतली. हा गृहस्थ पुढे कार्डिनल झाला. इटलीत त्याला कोंतारेल्ली म्हणत, आणि चॅपेलही त्याच नावाने ओळखले जाते. मात्यू म्हणजे मत्तयच. आपल्या नावाच्या संताच्या जीवनातील प्रसंगांनी ही जागा सजावी, अशी त्याची इच्छा होती. ती पुरी होण्यापूर्वीच १५८५ मध्ये तो निवर्तला आणि पुढची सारी व्यवस्था मृत्युपत्राच्या कारभाऱ्यांकडे गेली. मृत्युपत्राचे कारभारी आणि वेळेवर पुरे झालेले काम यांची गाठ सहसा कोठेच पडत नाही, तशी ती रोममध्येही पडली नाही. एका नामांकित चित्रकाराने छत रंगविले आणि भिंती तशाच सोडून दिल्या. वर्षे लोटली. चर्चमधील पुरोहितांच्या तक्रारी पोपपर्यंत गेल्या.

अखेर जुलै १५९९ मध्ये दोन बाजूंच्या भिंतींसाठी दोन तैलचित्रे काढण्याचा करार एका तरुण चित्रकाराशी झाला. त्याचे नाव मिकेलांजेलो मेरिझी. लोंबार्डी प्रांतातील काराव्हाज्जो हे त्याच्या घराण्याचे गाव, म्हणून जग त्याला काराव्हाज्जो याच नावाने ओळखते. जन्म १५७१ चा. बाप लहानपणीच प्लेगात गेला. रोममध्ये आरंभी उमेदवारीचे दिवस काढल्यावर देल मोंते नावाच्या कार्डिनलने त्याला आपल्या वाड्यात आश्रय दिला होता. सार्वजनिक देवालयातील मोठे काम मात्र त्याला अद्याप मिळाले नव्हते. ते हे पहिलेच.

१६०० साली ही दोन्ही चित्रे पुरी झाली. एकात मत्तयाचा वध आहे. दुसऱ्यात त्याला आलेली हाक. एका अंधाऱ्या खोलीत मेजाभोवती पाच जण बसले आहेत, मेजावर नाणी आहेत, चष्मा लावलेला एक म्हातारा ती निरखतो आहे. उजवीकडून येशू आत आला आहे. त्याचा हात पुढे झाला आहे आणि त्याच्या डोक्यावरून प्रकाशाचा एक तिरपा पट्टा भिंतीवरून सरकत मेजाकडे गेला आहे. खिडकी आहे, पण उजेड खिडकीतून आलेला नाही. मेजावरची माणसे येशूच्या काळच्या पोशाखात नाहीत. चित्रकाराच्या काळच्या रोममधील रंगेल तरुणांचे भरजरी कपडे त्यांच्या अंगावर आहेत. नाक्यावरची हाक सोळाशे वर्षांपूर्वीची नव्हे, आजच्या सायंकाळची आहे, असेच जणू त्याला म्हणावयाचे होते. युरोपच्या चित्रकलेत ज्या कालखंडाला बरोक म्हणतात, त्याची ही एक मोठी सुरुवात समजली जाते.

रोमकर ही चित्रे पाहण्यास लोटले. आता वेदीची मधली जागा तेवढी उरली.

पहिले चित्र

मध्यभागी खरे तर संगमरवरी मूर्ती बसवावयाची होती. याकोब कोबार्ट या फ्लेमिश शिल्पकाराकडे हे काम वर्षानुवर्षे पडून होते. १६०२ च्या आरंभी मूर्ती आली, आणि ती कोणासच रुचली नाही. तेव्हा ७ फेब्रुवारी १६०२ रोजी वेदीच्या चित्राचा करार काराव्हाज्जोशीच करण्यात आला. मोबदला १५० स्कुदी. संत शुभवर्तमान लिहीत आहे आणि उजव्या बाजूस देवदूत त्यास सांगतो आहे, असा विषय करारातच नेमून दिला होता. मुदत होती पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतची.

विषय जुना होता आणि तो कसा काढावयाचा हेही ठरून गेलेले होते. शुभ्र दाढीचा, तेजस्वी चेहऱ्याचा विद्वान ऋषी मेजाशी बसलेला, वर आकाशात देवदूत, हातात लेखणी. काराव्हाज्जोने काय केले?

त्याने एक दणकट, टकला, दाढीवाला माणूस खुर्चीवर बसविला. पोटऱ्या उघड्या, गुडघे उघडे, पायात काही नाही. मजुराचे किंवा शेतकऱ्याचे अंग. मांडीवर भला थोरला ग्रंथ त्याने असा धरला आहे की, पुस्तक धरण्याची त्या हातांना सवय नाही हे पाहताक्षणी कळावे. कपाळास आठ्या पडल्या आहेत. डोळे विस्फारून तो पानावर उमटणाऱ्या अक्षरांकडे पाहतो आहे. आणि देवदूत वर आकाशात नाही. तो अगदी जवळ, अंगाला अंग लागेल इतका जवळ उभा आहे. मोठे पंख असलेला कोवळा मुलगाच तो. खाली वाकून त्याने आपली नाजूक बोटे त्या राकट हातावर ठेवली आहेत आणि तो हात पानावरून फिरवीत आहे. धुळाक्षरे गिरविणाऱ्या पोराचा हात पंतोजींनी धरावा, तसा. येथे मात्र पोर वयाने म्हातारा आहे आणि पंतोजी बालक.

आमच्या वाचकांना येथे व्यास आणि गणपती आठवल्याशिवाय राहणार नाहीत. आपल्या कथेत सांगणारा मानव आणि लिहिणारा देव. लेखणी थांबू नये ही अट देवाची, आणि अर्थ समजल्याखेरीज लिहू नये ही उलट अट ऋषीची. रोमच्या या चित्रात उलट आहे. सांगणारा स्वर्गाचा आणि लिहिणारा हा असा, ज्याला आपण काय लिहितो आहोत याचेच नवल वाटते आहे. व्यासांच्या अटीवर हा लेखक टिकला नसता!

ग्रंथाच्या पानावर चित्रकाराने हिब्रू अक्षरे काढली होती. मत्तयाने आपले शुभवर्तमान मूळ हिब्रूत लिहिले, अशी जुनी परंपरागत समजूत होती. ती अक्षरे वाचून अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, तो त्या शुभवर्तमानाचा अगदी आरंभ आहे. त्या आरंभी वंशावळ येते, अब्राहामापासून येशूपर्यंतच्या पिढ्यांची. हाच ग्रंथ पुढे मराठीतही आला. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते. केरींना मराठीच्या कामी पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते, म्हणजे त्या परक्या हातावरही कोणाचा तरी हात होताच.

आक्षेप

चित्र पसंत पडले नाही. जोव्हान्नी बाल्योने हा काराव्हाज्जोचा समकालीन व प्रतिस्पर्धी. दोघांत अब्रुनुकसानीचा खटलाही झाला होता. चित्र कोणासही आवडले नाही, एवढेच त्याने १६४२ मध्ये नोंदविले. १६७२ मध्ये बेल्लोरी या चरित्रकाराने कारण दिले. पायांवर पाय टाकून बसलेली आणि लोकांसमोर ओबडधोबडपणे पावले दाखविणारी ही आकृती संताच्या मर्यादेस शोभत नाही आणि ती संतासारखी दिसतही नाही, असे पुरोहितांचे म्हणणे पडले. अलीकडच्या काही अभ्यासकांना वाटते की, चित्र नाकारले गेले नसून ते मूर्तीच्या वादात तात्पुरते लावले गेले असावे. परंतु दोन्ही जुन्या लेखकांचा सूर एकच आहे, आणि एकाच वेदीसाठी एकाच वर्षात दोन चित्रे निघाली यालाही काही कारण असले पाहिजे.

या पुरोहितांना हसणे सोपे आहे, आणि पुष्कळ कलासमीक्षक हसलेही आहेत. आम्हांस ते योग्य वाटत नाही. वेदी म्हणजे शोभेची जागा नव्हे. तेथे मिस्सा होते. पुरोहित भाकरी दोन्ही हातांनी वर उचलतो आणि ती ख्रिस्ताचे शरीर झाली, अशी तेथील उपासकांची श्रद्धा असते. त्या क्षणी सर्वांची दृष्टी वर जाते. नेमके तेथेच, उचललेल्या हातांच्या वर, चित्रातील ते भले मोठे उघडे पाऊल चौकटीतून बाहेर आल्यासारखे पुढे झाले असते. देवाकडे पाय करून बसू नये, हे आपल्या घरी लहान मुलासही शिकवावे लागत नाही. ज्यांना हे कळते त्यांना त्या पुरोहितांची अडचणही कळावी.

शिवाय काळ कठीण होता. मूर्ती व चित्रे यांस विरोध करणारे पंथ उत्तर युरोपात प्रबळ झाले होते आणि चर्चांतील चित्रे फोडली, जाळली गेली होती. त्याला उत्तर म्हणून ट्रेंट येथील धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये निर्णय दिला की, संतांच्या प्रतिमा ठेवाव्यात, त्यांचा आदर करावा. मात्र त्यांत काही अमंगल, बेशिस्त किंवा विचित्र असू नये. प्रतिमेतील एकेका बोटाकडे संशयाने पाहिले जाई ते यामुळे. विरोधकाच्या हाती आयते कोलीत देण्यास कोण धजेल?

तथापि दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हांस अधिक जवळची वाटते. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले नामदेवांना दिसले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. नामदेव रागावले, तेव्हा विसोबांनी सांगितले की, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. कथेत पाय जेथे जेथे ठेवावे तेथे तेथे पिंडी निघाली. ही कथा ऐकत वाढलेल्या माणसाला मत्तयाच्या पावलाची भीती वाटू नये. काराव्हाज्जोने संताची अवहेलना केली नव्हती. जकातीच्या नाक्यावरून उठलेल्या माणसाला विद्वानाचा मुखवटा चढविण्यास त्याने नकार दिला होता, एवढेच. ग्रंथ देवाचा असेल तर लेखकाच्या पांडित्याची मातब्बरी ती काय? हात अडाणी दाखवावा, तेव्हाच त्यामागचा दुसरा हात दिसतो.

दुसरे चित्र

त्याने पुन्हा कुंचला उचलला. सप्टेंबर १६०२ पर्यंत दुसऱ्या चित्राचे काम उरकून पैसेही चुकते झाले. साडेनऊ फुटांहून थोडे अधिक उंचीचे हे चित्र आजही त्या वेदीवर आहे.

यात मत्तय वृद्ध, सडसडीत आणि भारदस्त आहे. नारिंगी-तांबड्या वस्त्राचे घोळ त्याच्या अंगावर आहेत, मस्तकामागे प्रभावलयाची बारीक रेषा आहे. हातात लेखणी आहे आणि तो मान वळवून वर पाहतो आहे. वर देवदूत शुभ्र वस्त्रांच्या भोवऱ्यात अधांतरी आला आहे आणि बोटांवर काहीतरी मोजून दाखवीत आहे. वंशावळीतील पिढ्याच तो मोजतो आहे, असे अभ्यासक मानतात. दोघांत आता योग्य तेवढे अंतर आहे. हात हातावर नाही. हा मत्तय स्वतः लिहू शकतो, त्याला फक्त मुद्दे हवे आहेत.

आता ही माघार समजावी काय? पुष्कळांनी तसे समजले. आम्ही म्हणू, पूर्ण माघार नव्हे. संत अनवाणी आहेच, फक्त पावले बाजूस गेली. आणि त्याच्या एका गुडघ्याखालचे लाकडी बाकडे पाहावे. त्याचा एक पाय खालच्या कठड्यावरून सुटून आमच्या बाजूच्या पोकळीत आला आहे. बाकडे कलले आहे. आता ते वेदीवरच कोसळेल की काय, असे वाटते. हाक इतकी अवचित आली की, म्हाताऱ्यास नीट बसण्यासही उसंत मिळाली नाही. संताचे पाऊल पुढे नको म्हणता ना, मग बाकड्याचे घ्या, असे म्हणून चित्रकार मनातल्या मनात हसला असेल काय, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पहिल्या चित्राचे पुढे काय झाले

नाकारलेले चित्र वाया गेले नाही. चर्चच्या शेजारीच विंचेन्झो जुस्तिनियानी नावाच्या धनाढ्य सावकाराचा वाडा होता. जेनोआच्या घराण्यातील हा गृहस्थ मोठा रसिक. त्याने ते चित्र स्वतःच्या संग्रहासाठी घेतले आणि बेल्लोरीच्या सांगण्याप्रमाणे चित्रकारास दुसरी संधी मिळावी म्हणून रदबदलीही केली. वेदीवर जे पाऊल चालले नाही ते दिवाणखान्यात चालले, याचे नवल नाही. तेथे कोणी भाकरी उचलून धरीत नव्हते.

दोनशे वर्षे ते त्या घराण्यात राहिले. १८१५ मध्ये त्यांच्या संग्रहातील दीडशेहून अधिक चित्रे प्रशियाच्या राजाने विकत घेतली आणि मत्तय बर्लिनला गेला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून रक्षण व्हावे म्हणून तेथील संग्रहालयाची मोठी चित्रे शहरातील फ्रीड्रिक्सहाइन येथील विमानविरोधी तोफांच्या काँक्रीटच्या प्रचंड बुरुजात ठेवण्यात आली होती. बॉम्बनी त्यांना काही केले नाही. मे १९४५ मध्ये, बर्लिनमधील लढाई संपल्यावर, त्या बुरुजात आगी लागल्या आणि चारशेहून अधिक चित्रे जळाली. त्यांत काराव्हाज्जोची तीन होती. मत्तय त्यांपैकी एक.

आता त्याची केवळ कृष्णधवल छायाचित्रे उरली आहेत. वस्त्राचा रंग कोणता होता, देवदूताच्या पंखांवर उजेड कसा पडला होता, हे त्यांतून कळत नाही. पाऊल मात्र स्पष्ट दिसते.

चित्रकाराचे आयुष्यही शांत गेले नाही. २८ मे १६०६ रोजी रोममध्ये एका भांडणात त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी नावाचा तरुण मारला गेला आणि तो परागंदा झाला. नेपल्स, माल्टा, सिसिली अशी वणवण करीत, वाटेत जागोजाग चर्चांसाठी चित्रे काढीत, क्षमेच्या आशेने रोमकडे परतत असता जुलै १६१० मध्ये पोर्तो एर्कोले येथे तो वारला. वय ३८. संतांची चित्रे काढणारा संत असतो असे नाही.

रोम सोडण्यापूर्वी मात्र त्याने पावलांचा विषय आणखी एकदा काढला होता. सान लुइजीपासून चार पावलांवर सांत आगोस्तिनो नावाचे चर्च आहे. तेथील एका वेदीसाठी १६०४ ते १६०६ च्या दरम्यान त्याने लोरेतोच्या मातेचे चित्र केले. लोरेतो हे इटलीतील मोठे यात्रास्थान. येशूच्या मातेचे घर देवदूतांनी नाझरेथहून उचलून तेथे आणले, अशी तेथील श्रद्धा. चित्रात माता मरिया बाळ कडेवर घेऊन एका साध्या घराच्या उंबऱ्याशी उभी आहे. तीही अनवाणी. समोर दोन यात्रेकरू काठ्या घेऊन गुडघ्यांवर बसले आहेत, एक पुरुष आणि एक म्हातारी. म्हातारीच्या डोक्यावरचे फडके मळलेले, फाटलेले. पुरुषाचे दोन्ही तळवे पाहणाऱ्याकडे आहेत, चिखलाने माखलेले आणि चालून चालून सुजलेले. वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम तेच येतात.

बाल्योने याही चित्रावर नाराज होता. पावले मळकी, टोपडे फाटके, आणि सामान्य लोकांनी त्याचा मोठा गलबला केला, असे तो लिहितो. पण हा गलबला निषेधाचा होता की आनंदाचा, हे त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. त्या काळी पायी येणाऱ्या यात्रेकरूंची रोममध्ये मोठी वर्दळ असे; १६०० हे तर तेथील महायात्रेचे वर्ष होते. त्यांच्यासाठी फिलिप नेरी या संताने स्थापिलेला एक सेवासंघ होता. आलेल्याला जेवण व निवारा देणे आणि त्याचे पाय धुणे हे त्या संघाचे व्रत. मोठमोठे धर्माधिकारीही तेथे येऊन गुडघे टेकून हे काम करीत.

त्या संघाचे चर्चही रोममध्ये आहे. मत्तयाच्या वेदीसाठी घडविलेली आणि कोणासच न रुचलेली कोबार्टची ती संगमरवरी मूर्ती अखेरीस तेथेच, यात्रेकरूंच्या चर्चमध्ये गेली. लोरेतोच्या मातेचे चित्र मात्र कोणी हलविले नाही. सांत आगोस्तिनोत शिरल्यावर डाव्या हाताच्या पहिल्या चॅपेलमध्ये ते आजही आहे.